रडणारा वॉचमन, नग एक

शुक्रवार, २८ नोव्हेंबर. सकाळी साडेअकरा. आमच्या गोडाऊनचं ऑफिस, टेमघर, भिवंडी.

हजर: सासरे (लाकडी खुर्चीत). जाऊबाई (दारात उभ्या; बसलं की नीट ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं). वॉचमनकाका (उभे, टोपी हातात). विमा कंपनीकडून आलेल्या सर्व्हेयर बाई (वसईहून, वेळेआधी दहा मिनिटं). मी.

गैरहजर: नवरा (खारबावला, जमिनीच्या मोजणीला). गोडाऊनचं गेट (बुधवारपासून आडवं).

विषय एकच होता. बुधवारी दुपारी एक कंटेनर रिव्हर्स घेताना आमच्या गेटच्या खांबावर आदळला, खांबासकट गेट खाली आलं आणि ड्रायव्हर गाडी घेऊन पसार झाला. कुणाला लागलं नाही. पण त्या वेळी वॉचमनकाकांची खुर्ची रिकामी होती. कॅमेऱ्यात स्वच्छ दिसतं: खुर्ची, खुर्चीवर टोपी, टोपीखाली माणूस नाही. सासऱ्यांचा निकाल तयार होता. काका मागे कापडाच्या ताक्यांवर झोपले असणार. सर्व्हेयर बाईंचं काम उरकलं की चौदा वर्षांची नोकरी संपवायची, असं ते मला सकाळीच सांगून बसले होते.

आता चित्राबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सासऱ्यांच्या खुर्चीच्या बरोबर वर, कॅमेऱ्याचा स्क्रीन आणि कॅलेंडर यांच्या मध्ये, एक जुनं छापील चित्र आहे. दीड हात उंच, मुळात काळं-पांढरं, आता चहाच्या रंगाचं. एक म्हातारा, पुढे टक्कल, खाली दाढी, अंगावर घोंगडीसारखं काहीतरी. हातांची बोटं एकमेकांत अडकवलेली, नजर वर, गालावरून पाणी. पायाशी दोन भल्यामोठ्या चाव्या. मागे दगडी भिंत, भिंतीवर कोंबडा, चोच उघडी. सगळं बारीक रेघांनी काढलेलं. अगदी जवळ जाऊन पाहिलं तर म्हाताऱ्याच्या गालावर उभ्या-आडव्या रेघा दिसतात, कापडाच्या विणीसारख्या.

हे चित्र मुद्दाम कुणी आणलं नाही. कुठला तरी जुना बंगला पाडत होते, तिथून सासऱ्यांनी सागवानी दारं उचलली. एका दाराच्या पाठीला हे ठोकलेलं निघालं. दारं ऑफिसच्या बांधकामात गेली, चित्र भिंतीवर गेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते तिथे होतं आणि त्याचा अर्थही ठरलेला होता.

अर्थ असा. हा वॉचमन. ड्युटीवर झोपला. गोडाऊन फुटलं. कोंबडा आरवला तेव्हा जाग आली. चाव्या पायाशी तशाच आहेत, माल गेलेला आहे, आता शेटला काय तोंड दाखवू म्हणून रडतोय.

मला यात कधी काही खोट दिसली नाही. चाव्या आहेत, कोंबडा आहे, रडणं आहे. भिवंडीत राहणारा माणूस आणखी काय म्हणेल?

नवा वॉचमन ठेवला की पगार, शिफ्ट, सुट्टी काहीही सांगण्याआधी सासरे त्याला या चित्रासमोर उभं करत.

"काय दिसतं?"

"म्हातारा हाय, शेट."

"काय करतो?"

"रडतो."

"का रडतो?"

इथे नवा माणूस अडायचा. मग सासरे गोष्ट सांगायचे. गोडाऊनमध्ये माल काय होता हे मात्र काळाप्रमाणे बदलत गेलं. मी आले तेव्हा भात होता. नंतर सूत आलं, मग कापडाचे ताके. अलीकडे मोबाइल चोरीला जातात. हमालांचा मुकादम उत्तर प्रदेशातला, त्यानं एकदा विचारलं, "सेठ, इतना पुराना फोटो, इसमें मोबाइल कहाँ से आया?"

सासरे म्हणाले, "चोरी हो गया ना, इसीलिए तो दिखता नहीं."

वॉचमनकाका गणेशपुरीच्या पुढच्या एका पाड्यावरचे. चौदा वर्षांपूर्वी तेही या परीक्षेला उभे राहिले. मी तेव्हा टेबलावर बिलं लावत होते. "का रडतो?" या प्रश्नावर बाकीच्यांसारखे ते गप्प बसले नाहीत. बराच वेळ चित्र पाहून म्हणाले, "शेट, चोर आमच्याकडला न्हाय."

"कशावरनं?"

"कोंबडा ठेवून गेला."

सासऱ्यांनी त्यांना तिथल्या तिथे ठेवून घेतलं. डोकं चालवणारा वॉचमन त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता.

माझा या चित्राशी संबंध वर्षातून एकदा. मार्चमध्ये मी ऑफिसमधल्या सगळ्या वस्तूंची यादी करते. टेबलं, पंखे, वजनकाटा, खुर्च्या (धड), खुर्च्या (मोडक्या). त्यात एक ओळ: चित्र, काचेसह, नग १ (रडणारा वॉचमन). ही यादी विम्याच्या कागदांना जोडलेली असते. पुढे जे घडलं ते या कंसातल्या दोन शब्दांमुळे घडलं.

पण त्याआधी बुधवार.

आमच्या लोकांत सुनेची किंमत तांदळाच्या भाकरीवर ठरते. उकड काढायची, मळायची, पाण्याच्या हातानं थापायची, आणि तव्यावर अशी टाकायची की टम्म फुगली पाहिजे. माझं माहेर कल्याणचं, वडील शिक्षक, घरात पोळ्या. लग्नानंतर सासूबाईंनी हात धरून शिकवलं. शिकले. तरी दहातल्या चार तव्यावर जाता जाता फाटायच्या आणि फाटलेल्या मी स्वतः खायचे, म्हणून बाहेर पत्ता लागला नाही. सहा वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, थापायचं काम बंद. मागच्या आळीत एक मावशी ऑर्डरीनं भाकऱ्या करून देतात, त्यांच्याकडे सांगितलं. तेव्हा सासूबाई जाऊन काही महिने झाले होते. जाऊबाईंचं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर, माझं खाली, त्यामुळे कुणी पाहायला नव्हतं.

खांदा चार महिन्यांत बरा झाला. भाकऱ्या चालू राहिल्या.

मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गोडाऊनचं रंगकाम आपण बाहेरच्याला देतो, वायरिंग देतो. फक्त ही एकच गोष्ट मी कुठल्याही यादीत लिहिली नव्हती, यावरून काय ते समजावं.

भाकऱ्या आणायचं काम वॉचमनकाकांचं. ऑफिसच्या मागे आमचं घर, मध्ये एक भिंत, भिंतीत माझ्या स्वयंपाकघराची खिडकी. मी खिडकीतून रिकामा डबा द्यायचा, त्यांनी दहा मिनिटांत भरलेला आणून द्यायचा. सहा वर्षांत ते याबद्दल एक शब्द कुणाला बोलले नाहीत. मीही त्यांना कधी बोलू नका असं सांगितलं नव्हतं. त्यांना ते न सांगता कळलं होतं.

बुधवारी नणंदेच्या सासरची अकरा माणसं जेवायला होती. पाहुणे असले की कालवण जाऊबाईंचं, भाकरी माझी. मी चाळीस सांगितल्या होत्या. साडेअकराला काका डबा घेऊन निघाले. जाताना टोपी खुर्चीवर ठेवली. "म्हंजी मानूस हितंच हाय असं वाटंल," म्हणाले. नेमका मावशींचा गॅस मध्येच संपला. उरलेल्या वीस त्यांनी चुलीवर केल्या. दहा मिनिटांची पन्नास झाली, आणि त्या पन्नासात कंटेनर आला.

आवाज एवढा झाला की शेजारच्या कारखान्यातले लूम बंद करून माणसं बाहेर आली. सासरे ऑफिसमधून धावले, मी घरातून.

"वॉचमन कुठं हाय?" सासरे ओरडले.

"मला काय माहीत, मामा," मी म्हणाले.

म्हणजे मी विचार करून म्हणाले असं नाही. तोंडातून निघालं. पाहुणे ओसरीवर येऊन उभे होते, नणंदेच्या सासूबाई सगळ्यांत पुढे. त्यांच्यासमोर भाकऱ्यांचा विषय निघणं शक्य नव्हतं. मनात म्हटलं, पाहुणे गेले की सांगू.

काका मागच्या बाजूनं आले, डबा खिडकीतून दिला, डबा गरम होता, आणि मग पुढे जाऊन त्यांनी गेट पाहिलं. सासऱ्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "कुठं होतास?"

"कामाला गेल्तो."

"कुनाच्या?"

काका आडव्या गेटकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

जेवणं झाली. नणंदेच्या सासूबाई म्हणाल्या, "काय गो भाकरी तुझी, लुसलुशीत! चुलीवरची वाटते." मी म्हणाले, "घ्या ना आणखी."

पाहुणे गेल्यावर सांगणार होते. मग सासरे आडवे झाले. मग संध्याकाळी त्यांचा रक्तदाब वाढला. गुरुवारच्या यादीत सहाव्या क्रमांकावर मी लिहिलं: मामांना सांगणे. पहिल्या पाच गोष्टी झाल्या. सातवी, आठवी, नववीही झाली. त्याच दिवशी विम्याचा फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना: घटनेच्या वेळी पहारेकरी कोठे होता? मी चांगल्या अक्षरात लिहिलं, निश्चित माहिती नाही. सहाव्या क्रमांकाची ओळ शुक्रवारच्या यादीत उतरवली.

तर शुक्रवार.

सर्व्हेयर बाई माझ्याच वयाच्या, साध्या सुती साडीत, खांद्यावर पिशवी, पिशवीत मोजायची टेप. त्यांनी खांब मोजला, फोटो काढले, मग आत येऊन माझे कागद उलटायला लागल्या. "यादी छान आहे हो तुमची," त्या म्हणाल्या. "लोक नुसतं 'फर्निचर' लिहून मोकळे होतात." मला बरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

मग त्यांनी काकांना विचारलं, "तुम्ही त्या वेळी कुठे होता?"

"झोपलो न्हवतो," काका म्हणाले.

"ते विचारलं नाही. कुठे होता?"

काका टोपीची कड बघत राहिले.

"कुणी पाहिलं होतं यांना?" बाईंनी आमच्याकडे वळून विचारलं.

जाऊबाई दारातून म्हणाल्या, "ताई, तुम्ही तर तेव्हा खिडकीपाशीच होता ना? तुम्हाला दिसले असतील."

"नाही गं," मी म्हणाले. "मी उकड काढत होते."

सासऱ्यांना आता राहवेना. त्यांनी बोट वर केलं. "बघ. वर बघ. चौदा वर्षं ह्याच्यासमोर ड्युटी केलीस. रोज येता-जाता बघितलंस. तरी झोपलास. ह्यो रडतोय त्यातनं काय शिकलास तू?"

काकांनी मान वर करून चित्राकडे पाहिलं. सर्व्हेयर बाईंचं बोट तेव्हाच माझ्या यादीवरून खाली सरकत होतं. ते थांबलं.

"हे काय? रडणारा वॉचमन?" त्यांनी चष्मा वर केला आणि भिंतीकडे पाहिलं. मग उठल्या. सासऱ्यांच्या खुर्चीमागे जाऊन चित्राला नाक लागेल इतक्या जवळ उभ्या राहिल्या.

"अहो, हा वॉचमन कुठला? हा आमचा पेत्र."

"तुमचा?" सासरे म्हणाले. "कुठल्या गोडाऊनला?"

"गोडाऊनला नाही हो. बायबलमधला. येशूचा शिष्य. आमच्या आजीच्या खोलीत होता असाच, पण रंगीत."

सगळे बाईंकडे वळले. मुकादम काही विचारायला आला होता, तोही जाऊबाईंच्या मागे थांबला. बाईंना वाटलं असेल, आता सांगितल्याशिवाय सुटका नाही. त्या परत बसल्या आणि विम्याच्या फॉर्मवर हात ठेवून त्यांनी सांगितलं.

"येशूला पकडून नेणार होते, त्याच्या आधी तो पेत्राला म्हणाला, कोंबडा आरवायच्या आत तू तीनदा सांगशील की मला ओळखत नाहीस. पेत्र म्हणाला, मेलो तरी असं म्हणणार नाही. मग येशूला धरून नेलं. हा मागोमाग गेला, तिथल्या वाड्याच्या चौकात शेकोटीपाशी बसला. तिथल्या मोलकरणीनं ओळखलं. तू त्याच्याबरोबरचा ना? हा म्हणाला, नाही बाई. मग आणखी कुणी विचारलं. नाही. तिसऱ्यांदा विचारलं. मी त्या माणसाला ओळखतच नाही म्हणाला. आणि कोंबडा आरवला. मग बाहेर जाऊन रडला. ते हे."

सासऱ्यांचा चेहरा पाहवत नव्हता. तीस वर्षांत किती वॉचमन या भिंतीपुढून गेले असतील.

"म्हंजी झोपला न्हवता?" त्यांनी विचारलं.

सर्व्हेयर बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. थोडा विचार करून म्हणाल्या, "झोपलाही होता. त्याच्या थोडं आधी. बागेत. जागे राहा म्हणून बजावलं होतं, तरी."

"मग!" सासऱ्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "मी काय सांगतोय तीस वर्षं?"

"पण रडतोय तो झोपल्याबद्दल नाही. नाही म्हटल्याबद्दल."

"बरं. आन् चाव्या?"

"त्या स्वर्गाच्या. त्याच्याकडे दिल्यात. लोक म्हणतात, स्वर्गाच्या दाराशी तोच असतो."

"दाराशी? चाव्या घेऊन?"

"हो."

"म्हंजे वॉचमनच ना!"

बाईंनी परत चित्राकडे पाहिलं. "तसं धरलं तर," त्या म्हणाल्या, "हो."

मागून मुकादम म्हणाला, "देखा, सेठ सही बोलते थे," आणि जाऊबाईंनी त्याला हातानंच बाहेर घालवलं.

तेव्हा वॉचमनकाका बोलले. इतका वेळ ते ऐकत होते, डोळे चित्रावर. "बाई, येक इचारू? त्यो तीनदा खोटं बोलला. तरी त्याची नोकरी गेली न्हाय?"

"नाही. उलट त्यालाच पुढे सगळ्यांचा मुख्य केलं."

"आन् मी येकदा बी खोटं बोललो न्हाय," काका म्हणाले. आम्हाला नाही, चित्राला.

मी तोपर्यंत मनात मोजत होते. सवय आहे. एक: बुधवारी, गेटपाशी, मला काय माहीत मामा. दोन: गुरुवारी, फॉर्मवर, निश्चित माहिती नाही. तीन: आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, नाही गं. मोजून झाल्यावर आकडा बरोबर आला की मला एरवी समाधान वाटतं.

"मामा," मी म्हणाले, "काका झोपले नव्हते. मी पाठवलं होतं त्यांना."

"कुठं?"

"भाकऱ्या आणायला."

"कुनाच्या भाकऱ्या?"

"माझ्या."

हे त्यांना कळेना. मला परत पहिल्यापासून सांगावं लागलं. खांदा, मावशी, डबा, खिडकी, गॅस संपला तो. एखादी गोष्ट क्रमानं सांगायचा मला कंटाळा नाही, पण ती सांगताना मी टेबलावरच्या पंचिंग मशीनकडे बघत होते.

जाऊबाई म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं. ताई, माणसाच्या हातच्या चाळीस भाकऱ्या एका मापाच्या होत नाहीत. त्या मावशी ताटली उलटी ठेवून कडा कापतात."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? खायला चांगल्या होत्या." मग जरा थांबून, "आणि ताई, तीन नाही, चार झाले. काल जिन्यात मी विचारलं होतं, काका कुठे गेले असतील हो. तुम्ही म्हणालात, देव जाणे."

तीन झाले असं मी मोठ्यानं म्हणाले होते की काय, मला आठवत नाही. पण चौथं खरं होतं. ते मी धरलं नव्हतं.

सासऱ्यांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "सहा वर्षं?"

"हो."

"तुझ्या सासूच्या पहिल्या वर्षश्राद्धाला मी सगळ्या भावकीला सांगितलं, सुनेनं तिच्या हाताची चव उचलली म्हणून."

"हो मामा."

"त्या दिवशीच्या पन?"

"त्या पण."

त्यांनी चष्मा काढून पुसला. इतक्या वर्षांत मला त्यांची भीती पुष्कळदा वाटली होती. त्या क्षणी वाटली नाही, आणि ते जास्त वाईट होतं. मग ते म्हणाले, "त्या दिवशी मीठ जरा जास्त झालेलं. मी बोललो न्हाय. म्हटलं, रडत रडत केल्या असतील पोरीनं."

सर्व्हेयर बाईंनी हलक्या आवाजात म्हटलं, "मी फॉर्ममध्ये दुरुस्ती करते. 'पहारेकरी मालकांच्या घरच्यांच्या सांगण्यावरून कामानिमित्त बाहेर.' एवढं पुरे. भाकरीचं लिहायला नको."

"लिहा," सासरे म्हणाले. "खरं हाय ते लिहा."

"किती होत्या?"

"चाळीस," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं.

जाण्याआधी त्यांनी चित्र खाली काढायला लावलं. फ्रेमच्या आतला पुठ्ठा उचलला तर खाली इंग्रजीत एक ओळ निघाली, त्यात त्यांनी म्हटलेलं पेत्राचं नाव, आणि त्याखाली अठराशे. पुढचे दोन आकडे कसरीनं खाल्ले होते. "एकोणिसाव्या शतकातलं आहे, जपा," बाई म्हणाल्या. सासऱ्यांनी ते तिथल्या तिथे परत टांगलं. जरा तिरकं.

मग काकांना म्हणाले, "जा, बस खुर्चीवर. चहा पाठवतो." माफी वगैरे सासऱ्यांना येत नाही, चहा येतो.

काका हलले नाहीत. "शेट, तुमी काल घरी फोन केल्ता."

आम्हाला कुणालाच हे ठाऊक नव्हतं. सासऱ्यांनी गुरुवारी काकांच्या घरी फोन लावून त्यांच्या बायकोला सांगितलं होतं, तुझा नवरा ड्युटीवर झोपतो, उद्यापासून येऊ नको म्हणणार आहे. पाड्यावर फोन एकाचा आला तरी ऐकतात दहा जण. या दिवसांत तिथे भात झोडायचं काम असतं, खळ्यावर रास पडलेली असते, आणि तिची राखण दर वर्षी काकांकडे. गावातला पक्का राखणदार, शहरात एवढ्या मोठ्या गोडाऊनला आहे म्हणून. त्यासाठी ते हक्काची रजा घेऊन जातात. गुरुवारी संध्याकाळी पाड्यानं राखण दुसऱ्याला दिली.

"म्हनले, तिकडं झोपतो तर हितं काय जागंल," काका म्हणाले.

सासऱ्यांनी ताबडतोब फोन लावला. स्पीकरवर. काकांची बायको पहिल्या रिंगला आली.

"अगो, चुकी झाली. तुझा नवरा झोपला न्हवता."

"शेट, तुमी मोठी मान्सं," ती म्हणाली. "काल म्हनलात झोपला. आज म्हनता न्हाय. उद्या काय म्हनाल?"

मी फोन हातात घेतला. "मी मोठी सून बोलतेय. मी पाठवलं होतं त्यांना. चूक माझी आहे."

"तुमच्या घरात येवडी मान्सं, पाळीपाळीनं बोलताय. फोनवर कोन बी काय बी बोलतो. जिनं पाठवला तिनं हितं यायचं. माज्या दारात. चार मान्सं बोलावते, त्यांच्याम्होरं सांगायचं."

"येते ना," मी म्हणाले.

"कवा?"

"येत्या रविवारी."

तिनं फोन ठेवला. काकांनी टोपी घातली आणि खुर्चीवर जाऊन बसले. समोर गेट नव्हतंच, त्यामुळे रस्त्यावरून पाहणाऱ्याला ते उगाच बसल्यासारखे दिसत होते.

त्या रविवारी घरात साखरपुडा निघाला. पुढच्या रविवारी नवं गेट बसवायला माणसं आली आणि जातीनं उभं राहणं भाग होतं. मग लग्नसराई. जानेवारीत मी आणि जाऊबाई गणेशपुरीला दर्शनाला गेलो, गाडी करून. तिथून पाडा पुढे फार तर अर्ध्या तासावर. ड्रायव्हर म्हणाला, पुढे रस्ता खराब आहे. मी म्हणाले, राहू दे मग. परत येताना जाऊबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मला ठाऊक आहे.

खरं कारण रस्ता नाही. काकांनी एकदा सहज सांगितलं, बायको म्हणते, येतील तेव्हा त्यांना चुलीपाशी बसवीन, येवड्या मोठ्या घरच्या बाईला भाकरी येत न्हाय हे मना बघायचं हाय. चेष्टेनंच म्हणाली असेल. पण चार माणसांसमोर.

काकांनी मला एकदाही आठवण केली नाही. फक्त बायकोनं त्यांच्याबरोबर गजराचं घड्याळ पाठवलंय, पिवळं, दोन घंट्यांचं. दर तासाला लावायचं, वाजलं की बंद करायचं, आणि मी पाड्यावर जाऊन सांगेपर्यंत ते ड्युटीवर जवळ बाळगायचं, अशी तिची अट आहे. त्यांनी ती मान्य केली आहे. दहाला वाजतं, अकराला वाजतं. फोनवर माल ठेवणाऱ्या पार्ट्या विचारतात, मॅडम, तुमच्याकडे शाळा आहे का? सासरे माझ्याकडे बघतात. आत्ता लिहितानाही ते वाजलं.

आज फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. आजच्या यादीतल्या अकरा गोष्टींपैकी दहा झाल्या. राहिलेली रोज नव्या पानावर उतरवते, अक्षर तेच: गणेशपुरीच्या पुढे पाड्यावर जाऊन, काकांच्या बायकोसमोर आणि ती बोलावेल त्या माणसांसमोर, स्वतःच्या तोंडानं सांगणे की काका झोपले नव्हते.